ट्रेड पूर्ण केला, पण एकही बिघाड न बघता. प्रॅक्टिकलला मुद्दाम बिघडवलेले बोर्ड हवेत की नकोत?

लूज_न्यूट्रल:
इलेक्ट्रिकल ट्रेडची दोन वर्षं केली. जिन्याचं वायरिंग, गोडाउन वायरिंग, डीओएल स्टार्टर, स्टार-डेल्टा, मोटारचं रिवाइंडिंग, मेगर (इन्सुलेशन) टेस्ट, सगळं झालं. प्रत्येक जॉबची सुरुवात कोऱ्या बोर्डापासून. दिवा लागला की सर सही करणार, मग आपण वायरी सोडवून, गुंडाळून कपाटात ठेवणार. आधीच जोडलेला आणि बंद पडलेला बोर्ड दोन वर्षांत एकदाही समोर आला नाही.

नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी एका कारखान्यात पाठवलं. एका ओळीतले दिवे डोळे दिपतील असे, शेजारच्या ओळीतले पिवळट आणि मंद. ग्राइंडर चालू केला की आणखीच गंमत. मीटर लावला तर एका फेजवर 170 व्होल्ट, दुसऱ्यावर 280. मी काय केलं असेल? मीटरची बॅटरी बदलली. (हसून घ्या.) सोबतच्या मिस्त्रींनी मेन बंद केला आणि सरळ न्यूट्रल लिंकला (न्यूट्रलच्या वायरी जोडायची पट्टी) हात घातला. स्क्रू काळा पडलेला, वायर हातात हलत होती.

स्टार जोडणीत लोड असमान असताना न्यूट्रल सुटला की मधला बिंदू सरकतो, म्हणजे एका फेजला व्होल्टेज कमी आणि दुसऱ्याला जास्त मिळतं, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहून पैकीच्या पैकी घेतले होते. ती आकृती म्हणजेच हे दिवे, एवढंच डोक्यात आलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलचे निम्मे गुण बिघाड शोधण्याला द्या.

पक्कड:
असहमत, आणि तुमच्याच गोष्टीवरून असहमत. तुम्हाला बिघाड दिसला नाही कारण थिअरी पाठ होती, कळलेली नव्हती. त्याचा इलाज थिअरी नीट शिकवणं हा आहे, वायरिंगचे तास कापणं हा नाही.

आताच बॅच बाहेर पडते तेव्हा निम्म्या पोरांना इन्सुलेशन नीट सोलता येत नाही. तांब्याला खाच पडते, दोन तारा तुटतात, तशीच टर्मिनलमध्ये खुपसतात. अशांनी दुसऱ्याचे बिघाड शोधायचे? आधी शे-दीडशे जोड पक्के करा. चांगला जोड स्क्रू आवळताना हाताला कसा लागतो ते कळलं की वाईट जोड आपोआप खटकतो.

लूज_न्यूट्रल:
पाठ होती, कळलेली नव्हती, हे मान्यच. पण ते कॉलेजात कुणाच्या लक्षात कसं येणार होतं? उत्तरपत्रिका बरोबर, बोर्ड बरोबर. मला कळलेलं नाही हे मलाही ते दिवे बघेपर्यंत माहीत नव्हतं.

जुना_निदेशक:
या ट्रेडला बरीच वर्षं शिकवलं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलतो.

धागाकर्त्याचा मुद्दा खरा आहे, आणि सैल जोडाचंच उदाहरण घेतलं तर तो किती खरा आहे ते दिसतं. समजा एका टर्मिनलला अर्धा ओहम रोध तयार झाला. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम. लोड बंद असताना त्यातून करंट जवळजवळ नाहीच, म्हणजे अर्ध्या ओहमवर व्होल्टेज पडणार किती? मीटर 230 दाखवतो, विद्यार्थी म्हणतो सप्लाय ठीक आहे. आता त्याच लाइनवर 15 अँपिअरचं गीझर लावा. साडेसात व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. साडेसात व्होल्टचं कुणाला काही वाटत नाही. पण करंटचा वर्ग गुणिले रोध करून बघा, 112 वॉटच्या वर उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत. सॉकेट वितळतं ते असं. आणि एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट तर 15 च आहे. कोऱ्या बोर्डावर हे कधीच दिसत नाही. तिथे स्क्रू नवा, वायर नवी, आणि लोड म्हणून एक दिवा.

आता दुसरी बाजू. वर्गात वीस पोरं, मी एकटा. चालू बोर्डावर बिघाड शोधायला लावायचे म्हणजे झाकण उघडं आणि सप्लाय सुरू. अंगाचा रोध 1000 ओहम धरला तरी 230 मिलिअँपिअर जाऊ शकतात. 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमध्ये फरक पडला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला, पाय कोरड्या चटईवर असले, की त्याच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे एक साधा दिवा. जेवढा करंट गेला तेवढा परत आला, त्याने पडावं कशाला? अशा वेळी रात्री झोप मला लागत नाही, तुम्हाला लागते.

बिघाडाचा बोर्ड मी एकदा केलाही होता. मागे आठ स्विच लपवले, एकेक दाबला की एकेक बिघाड. पंधरा दिवसांत पोरांनी यादी केली: "दिवा मंद म्हणजे चौथी खिटी." मीटर कुणी हातातच घेईना.

टेस्टलॅम्प:
चौथी खिटी 😂 हे आमच्याकडेही झालं असतं.

मीटरवरून आठवलं. बंद केलेल्या वायरवर डिजिटल मीटर 80-90 व्होल्ट दाखवतो तेव्हा नवा पोरगा हमखास गडबडतो. शेजारून चालू वायर गेलेली असते, दोघींमध्ये कपॅसिटन्स (न जोडताही थोडासा करंट पोचतो), आणि मीटरचा रोध इतका मोठा की तेवढ्याशा गळतीवरही आकडा येतो. दिवा लावून बघा, एका क्षणात शून्य. आमच्या मिस्त्रींचा टेस्ट लॅम्प म्हणूनच अजून निवृत्त झालेला नाही.

पक्कड:
टेस्ट लॅम्पचं कौतुक नको. होल्डरला दोन उघड्या वायरी, फ्यूज नाही, हातात फुटला तर काच. हल्ली दोन टोकांचे व्होल्टेज टेस्टर मिळतात, कमी रोधाचे, ते वापरा. आणि कुठलंही साधन असो, आधी चालू लाइनवर तपासा, मग बंद लाइन बघा, मग परत चालू लाइनवर तपासा. साधनच मेलेलं असेल तर मेलेली आणि जिवंत वायर सारखीच दिसते.

टेस्टलॅम्प:
हे शेवटचं लाखमोलाचं. कॉलेजात मला कुणी सांगितलं नाही. आता बोला, हे कोऱ्या बोर्डावर कसं शिकवणार?

हाताखाली_शिकलेला:
मी कॉलेजची पायरी चढलो नाही, चौदा वर्षं काम करतोय. बिघाड शिकायची जागा म्हणजे साइट. कॉलेजने नियम आणि गणित शिकवावं, बाकीचं मिस्त्रीवर सोडावं. खोटा बिघाड तो खोटाच. खऱ्या कामात पाऊस असतो, मालक डोक्यावर उभा असतो, आणि शिडी धरायला माणूस नसतो.

पक्कड:
दादा, मिस्त्री चांगला भेटला तर. माझा पहिला मिस्त्री एमसीबी सारखा पडतोय म्हणून 16 अँपिअरचा काढून 32 चा बसवायचा. वायर तीच, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, तीही पाइपात चार वायरींच्या सोबत. ग्राहक खूश, "आता पडत नाही." पडणार कसा? आता एमसीबीच्या आधी वायर जळणार. तीन वर्षं मी हेच बरोबर समजत होतो. जर्मनीत ट्रेडची पोरं साडेतीन वर्षं कंपनीत काम आणि शाळा दोन्ही करतात, ते उगाच नाही. मिस्त्री चुकला तर विचारायला दुसरी जागा लागते.

हाताखाली_शिकलेला:
असले मिस्त्री आहेत, नाही म्हणत नाही. पण असले सरही आहेत.

वही_क्रमांक_दोन:
मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. बॅचमध्ये आम्ही दोघीच मुली, त्यामुळे गटात काम पडलं की "तू वही लिही, आम्ही जोडतो" हे ठरलेलं. वही माझी सुंदर आहे, धन्यवाद.

पण या सत्रात एक गोष्ट वेगळी झाली. सरांनी प्रत्येक गटाला आपला बोर्ड पूर्ण झाल्यावर त्यात एक बिघाड घालायला लावला आणि बोर्ड शेजारच्या गटाला दिला. सप्लाय ट्रान्सफॉर्मरवरून 24 व्होल्ट, दिवे आणि कॉन्टॅक्टरची (कॉइलला सप्लाय मिळाला की ओढला जाणारा स्विच) कॉइलही तेवढ्याच व्होल्टची. मीटर हातात घेण्याआधी कागदावर लिहायचं: कुठे बघणार, काय आकडा यायला हवा. आकडा तसा आला नाही तर का, तेही लिहायचं.

आमच्या वाट्याला आलेल्या बोर्डात स्टार्टरचं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर ओढायचा, सोडलं की सुटायचा. गटातल्या मुलांनी बटणच बदललं. मग दुसरं बदललं. मी वहीतली आकृती काढली आणि होल्डिंग कॉन्टॅक्टला (बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर ओढलेला ठेवणारा) गेलेल्या दोन वायरींच्या टोकांवर मीटर लावायला सांगितलं. कॉन्टॅक्टर ओढलेला असताना तिथे कंटिन्यूइटी (करंटला सलग वाट) हवी होती, नव्हती. (सप्लाय बंद करून कॉन्टॅक्टर बोटाने दाबला होता, पक्कडकाकांनी ओरडू नये.) बोर्ड बिघडवणाऱ्या गटाने त्यातली एक वायर शेजारच्या नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला असणाऱ्या) कॉन्टॅक्टच्या टर्मिनलला लावली होती. त्यानंतर वही दुसऱ्याकडे गेली.

पक्कड:
काका ओरडत नाहीत, शाबास म्हणतात. पण बघ, तुला ते सापडलं कारण आकृती तुझ्या हातची होती. माझा मुद्दा तोच आहे.

लूज_न्यूट्रल:
आणि आकृती दोन वर्षं वहीतच राहिली असती, बिघाड समोर आला नसता तर. माझा मुद्दा तो!

जुना_निदेशक:
गटांनी एकमेकांचे बोर्ड बिघडवायचे, ही युक्ती मला सुचली नाही. चौथ्या खिटीचा प्रश्नच मिटतो, दर वेळी बिघाड नवा. 24 व्होल्टवर सैल जोडही दाखवता येईल, लोड तेवढा दणकट हवा. पुढच्या बॅचला करून बघतो. मात्र गुण देणार नाही. एका गटाला सुटलेली वायर आणि दुसऱ्याला होल्डिंग कॉन्टॅक्ट, तुलना करायची कशी? तक्रारी माझ्याकडेच येणार.

पक्कड:
सर, मी या धाग्यात पहिल्यापासून विरोधात आहे, तरी सांगतो. गुण नाहीत म्हटल्यावर त्या तासाला वर्गात पाच पोरं राहतील.

वही_क्रमांक_दोन:
पाच नाही. आमच्याकडे चौदा होती. पण पहिल्या दिवशी गुण आहेत असं सांगितलं होतं.