घरच्या गॅरेजात बोटीसाठी ४५४ बांधतोय, मोकळीक किती ठेवू?

अर्धापाना:

नमस्कार मंडळी. गाडीची दोन इंजिनं याआधी घरी उघडून बांधली आहेत, बोटीचं हे पहिलंच. शेव्हरोलेचं ४५४ बिग ब्लॉक, म्हणजे ७.४ लिटर. दोन इंजिनांच्या एका जुन्या बोटीतून निघालेलं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून घेतलं, होनिंग (आतून बारीक घासणं) झालं, क्रँकला नुसतं पॉलिश पुरलं. पिस्टन फोर्ज्ड, २६१८ मिश्रधातूचे. हेड लोखंडीच.

काल रात्री क्रँक धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप टॉर्क करून (ठरल्या जोराने आवळून) प्लास्टिगेज, म्हणजे फट मोजायचा मेणाचा दोरा, लावून पाहिली. पट्टी चपटी होऊन दोन थाऊच्या खुणेला बसते, एका जागी दोनाहूनही जरा कमी. गाडी असती तर मी खुशीत पुढे गेलो असतो. पिस्टनच्या रिंगांच्या टोकांमधला गॅपही गाडीच्या सूत्राने काढला: बोअर ४.२८० इंच, इंचामागे साडेचार थाऊ, म्हणजे साधारण १९. पहिली रिंग तेवढी घासूनही झाली. मग पिस्टनच्या खोक्यातला कागद नीट वाचला, तर त्यात 'मरीन' म्हणून वेगळी ओळ आणि सगळे आकडे सैल. इतकं सैल बांधलं तर इंजिन खुळखुळणार नाही का? कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आधीच आणून ठेवलाय, चांगला दणदणीत आहे, त्याची काळजी नाही.

तेलकटहात:

खुळखुळेल, गार असताना. खुळखुळू द्या. २६१८ तापल्यावर जास्त फुगतो, ४०३२ या दुसऱ्या मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर असल्याने तो कमी फुगतो. म्हणून तुमच्या पिस्टनला सुरुवातीला जागा जास्त लागते. तापला की आवाज जातो.

रिंग एकोणीसवर थांबवलीत ते बरं. गॅप वाढवता येतो, कमी करता येत नाही. आता हे सैल कशासाठी, ते एकदा डोक्यात बसलं की कागदाची भीती जाते. गाडी सपाट रस्त्यावर पळते तेव्हा थ्रॉटल जेमतेम उघडा असतो. बोटीला तशी सपाटीच नाही, तिचा कायम घाट, तोही हँडब्रेक ओढून. बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी शक्ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाने वाढते; फेऱ्या निम्म्या केल्या तर काम आठव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे खरा मार सगळा वरच्या टोकाला, आणि तिथे आपण तासभर बसतो. त्यात थेट खारं पाणी फिरवत असाल तर थर्मोस्टॅट ६० अंश सेल्सिअसच्या आसपासचा असतो, कारण त्याच्या फार वर गेलं की मीठ पाण्याच्या वाटांत चिकटायला लागतं. भिंत गार, पिस्टन लालबुंद. पिस्टन फुगतो, बोअर त्याच्याबरोबर फुगत नाही. रिंगेची टोकं एकमेकांना भिडली की ती भिंत ओरबाडते आणि पिस्टनची वरची कड उचकटते.

मी वरच्या रिंगेला इंचामागे साडेपाच धरतो. तुमच्या बोअरला साडेतेवीस होतात. तरी तुमच्या कागदावरचा आकडा माझ्यापेक्षा मोठा. रिंग बोअरमध्ये उलट्या पिस्टनने सरळ ढकला, तिरकी बसली तर माप खोटं येतं. कानस बाहेरच्या कडेकडून आत चालवा, उलट ओढलीत तर तोंडावरचा मॉलिब्डेनमचा थर टवका होऊन उडतो.

मेन बेअरिंगला इंचाला एक थाऊ हा जुना हिशेब. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) पावणेतीन इंचाचं, म्हणजे पावणेतीन थाऊ. मी अडीच ते तीनच्या मध्ये राहतो. पण दोन थाऊ आहेत हे तुम्हाला सांगतंय कोण, तर मेणाचा दोरा. प्लास्टिगेज शंका घ्यायला चांगली, निकाल द्यायला नाही. जर्नल मायक्रोमीटरने मोजा, त्याच मायक्रोमीटरवर बोअर गेज शून्य करा, शेल (बेअरिंगच्या दोन अर्धगोल पट्ट्या) घालून कॅप पूर्ण टॉर्क करा आणि मग उभं माप घ्या. बोल्ट तेच, त्यावरचं वंगण तेच, जे शेवटी असणार आहे. कमी पडलंच तर एक थाऊ जादा मोकळिकीचे शेल मिळतात. अर्धाच थाऊ हवा असेल तर एक अर्धं त्यातलं, एक अर्धं साधं. कॅपला मात्र कानस लावू नका.

आता कॅम. "त्याची काळजी नाही" हे वाक्य वाचून मला माझंच इंजिन आठवलं. मीही गाडीचा दणदणीत कॅम घातला होता. धक्क्याला उभी असताना असा काही गुरगुरायचा की शेजारच्या बोटीवरचे बघायचे. वीसेक तासांनी मिसफायर. प्लग काढले तर मागच्या दोन सिलिंडरच्या प्लगांवर आट्यांच्या शेवटी तांबूस कडी, बोटाने पुसली तर बोटाला गंज. मी हेड गॅस्केटला दोष दिला. हेड उतरवलं, गॅस्केट ठणठणीत. मॅनिफोल्डला हवेचा दाब देऊन पाहिला, थेंबभर गळती नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे मात्र मिठाचा पांढरा थर. पाणी सायलेन्सरच्या वाटेने उलटं येत होतं.

अशा कॅमचा ओव्हरलॅप मोठा, दोन्ही व्हॉल्व्ह एकदम बराच वेळ उघडे. आयडलला इनटेकमधली ओढ एक्झॉस्टमधला वायू मागे खेचते. गाडीत नुसता धूर येतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. बोटीत त्या धुरात राइझरनंतर (एक्झॉस्टच्या उंच वळणानंतर) समुद्राचं पाणी सोडलेलं असतं. तुमच्या कॅमच्या कार्डावर लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन, कमी असला की ओव्हरलॅप मोठा) किती छापलंय?

उलटापंखा:

एक भलतीच शंका. दोन इंजिनांच्या बोटीतलं म्हणता, मग हे उलटं फिरणारं तर नाही? जोडीतलं एक अनेकदा उलट्या दिशेचं असतं, पंख्यांची ओढ एकमेकांना मारायला. तसं असेल तर कॅम, स्टार्टर, मागचं ऑइल सील, सगळं वेगळं. पिनचा ऑफसेट असलेले (पिन मध्यापासून जरा बाजूला असलेले) पिस्टनही फिरवून बसवावे लागतात. सील मागवायच्या आधी खात्री करा.

सुकाणूधर:

बेअरिंगवर वरती सगळं आलंच आहे. माझं फक्त एवढंच की गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर कपाटात पडलाय म्हणून लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाला साचून राहते आणि गाडीच्या अल्टरनेटरची ठिणगी उघड्यावर पडते. मरीनचे भाग ठिणगी आत कोंडतात. कार्ब्युरेटरवर एअर फिल्टर नाही, फ्लेम अरेस्टर (ज्वाळा अडवणारी जाळी). आणि सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (तळातली वाफ बाहेर काढणारा पंखा). थेट खाऱ्या पाण्यावर चालवणार असाल तर ब्लॉकचे प्लग पितळी घाला, लोखंडी आतून कुजतात.

गॅरेजात चालवून बघायचा मोह होईल. पाण्याची नळी जोडल्याशिवाय सेल्फही मारू नका, पंपाचं रबरी इंपेलर कोरडं फिरलं की त्याचा चुरा होतो.

अर्धापाना:

बोअर गेज मित्राकडून आणली. मेन सगळे २.४ ते २.६, म्हणजे मेणाचा दोरा खोटंच बोलत होता. जो कमी दाखवत होता त्या कॅपच्या खाचेत केसाएवढी बुर (धातूचा बारीक उंचवटा) होती, शेल नीट टेकत नव्हतं. काढली. रिंगा आज कागदाच्या आकड्यावर घेतल्या, सोळा पैकी अकरा झाल्या, मनगट गेलं.

इंजिन सरळ फिरणारं आहे, सील जुन्याशी ताडून पाहिलं.

कॅमच्या कार्डावर १०६ आहे.

तेलकटहात:

परत बांधा खोक्यात. ११२ ते ११४ चा घ्या, ड्युरेशनही (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) कमी असलेला. गुरगुर जाईल.

आणि २.४ वाल्याला एक अर्धं जादा मोकळिकीचं शेल घालून पुन्हा मोजा. बुर होती म्हणता, तर त्या शेलच्या पाठीवर चकचकीत ठिपका उमटलाय का तेही बघा. उमटला असेल तर ते शेल टाकून द्या.