आठवीच्या मराठी माध्यमाच्या वर्गाला इंग्रजी उच्चार शिकवायचेत, काय घ्यावं? बजेट 1500

खडूफळा
वर्गात 36 मुलं. आठवड्याला 40 मिनिटांचे दोन तास खास उच्चारांसाठी मिळालेत. खर्चाला 1500 रुपये, त्यापुढे एक पैसाही नाही. प्रोजेक्टर नाही, नेट फक्त माझ्या फोनवर. मुलांचं 'व्हेट' आणि 'वेट' एकच येतं, 'शिप' आणि 'शीप' एकच, आणि त्यांचं 'पिन' परक्या माणसाला 'बिन' ऐकू येतं. सध्या शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देतो. काय विकत घ्यावं आणि सुरुवात कशापासून करावी?

ध्वनिवेडा
माइकवाले हेडसेट घ्या, निदान दहा. 1500 मध्ये बसणार नाही, पण मुख्याध्यापकांना पटवा. स्वस्तातला ब्लूटूथ स्पीकर मात्र घेऊ नका. 'स', 'फ' आणि टी-एचची घासट वरच्या फ्रिक्वेन्सीत असते आणि नेमकी तीच अशा स्पीकरवर बोथट होते. मागच्या बाकावर 'थिन' आणि 'फिन' सारखंच पोचतं. मग मुलाचा कान कच्चा म्हणून आपण त्यालाच बोल लावतो.

नेमके
पैशांचं नंतर. आधी देवनागरी बंद करा. 'व' एकच, त्यात व्ही आणि डब्ल्यू दोन्ही कोंबले जातात. 'ट' लिहिलात की जीभ मागे वळणार. इंग्रजी टीला ती दातांमागच्या हिरडीवर टेकते, टाळूकडे वळत नाही. आयपीएची, म्हणजे प्रत्येक ध्वनीला एक चिन्ह देणाऱ्या आंतरराष्ट्रीय लिपीची, चिन्हं शिकवा. ब्रिटिश उच्चारांसाठी 44 ध्वनी धरतात, आठवड्याला चार घेतले तर एका सत्रात संपतात.

आरसा
हातात मावणारे आरसे घ्या, दोघांत एक, म्हणजे 18. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलके टेकवायचे आणि आवाज सुरू ठेवून हवा सोडायची. ओठाला गुदगुल्या व्हायला हव्यात. डब्ल्यूला दातांचा संबंध नाही, शिट्टीसारखा ओठांचा चंबू करून 'उ' पासून उघडायचं: उ-एट, वेट. मुलं दात फार जोरात दाबतात, मग हवाच अडते. आरशात दातांची कड दिसली पाहिजे, पण ओठ आत वळलेला दिसता कामा नये.

सांगलीकर_मास्तर
आरशाला +1. व्हीला दात, डब्ल्यूला चंबू.
'पिन'चं मात्र वेगळं आहे. तिथे इंग्रजी पी आपल्या 'प'पेक्षा जास्त हवा सोडतो. पण "फ म्हणा" असं चुकूनही सांगू नका. आपली बहुतेक मुलं 'फळ'मधला फ ओठ न मिटता, घासून काढतात, त्यामुळे 'पिन'चं 'फिन' होईल. टी आणि के यांना 'ठ', 'ख' यांच्या आधाराने जमतं, पीला नाही. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी ओठांपुढे धरा. 'पिन' म्हणताना ती उडाली पाहिजे, 'स्पिन' म्हणताना जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे, कारण एसनंतर ती हवा नसते. खर्च शून्य.

परदेशस्थ
ब्रिटिश की अमेरिकन ते आधी ठरवा. 'कार'मधला आर म्हणायचा की नाही?

नेमके
शब्दकोशांच्या संकेतस्थळांवर बहुधा ब्रिटिशच पहिला असतो, तोच घ्या.

सांगलीकर_मास्तर
आर म्हणू द्या. मराठी मुलाच्या तोंडी तो आहेच, ऐकणाऱ्याला त्याने अडचण होत नाही, आणि स्पेलिंगही पक्कं राहतं. काढून टाकण्यात वेळ का घालवायचा?

थ_द
टी-एच कुणीच नीट घेत नाही म्हणून लिहितोय. जिभेचं टोक दातांमध्ये, हवा सलग. आपला 'थ' अडून फुटतो, इंग्रजीचा वाहतो. पाच सेकंद लांबवता आला तर तो बरोबर.

ध्वनिवेडा
टी-एचवर तास खर्च करू नका. जेनिफर जेंकिन्स यांनी 2000 साली वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं इंग्रजी बोलतात तेव्हा काय अडतं ते मांडलं. त्यात टी-एच नाही. पी-टी-केची हवा, स्वरांची लांबी आणि वाक्यातला मुख्य आघात, म्हणजे बोलताना दिलेला जोर, आहे. हेडसेटवर मुलाला स्वतःचा आवाज ऐकवा, लांबी लगेच कळते.

थ_द
परीक्षक परदेशी असला की 'थ' कानाला लागतोच. मी सोडणार नाही.

आरसा
लांबीवरून आठवलं, 'शिप' आणि 'शीप' निव्वळ र्‍हस्व-दीर्घ म्हणून शिकवलं की फसतं. पीपुढे 'शीप'चा ई आखडतोच, उलट डीपुढे 'बिड'चा इ पसरतो. 'शीप'ला ओठ हसल्यासारखे ताणलेले, जीभ उंच. 'शिप'ला दोन्ही सैल, स्वर थोडा 'ए'कडे झुकलेला.

माझा_माझी
झेडबद्दल कुणी बोललं नाही. 'माझा'मधला झ आणि 'माझी'मधला झ वेगळे असतात, हे मुलांच्या तोंडून म्हणवून घ्या. दुसरा टाळूवरचा. म्हणून 'झू' बराच जवळ जातो आणि 'झिप'चं 'जिप' होतं. 'स्स्स' लांबवायला सांगा, मध्येच घशातून आवाज सुरू करा. जीभ वर टेकली की झालं चूक. बोटं कंठावर ठेवली की थरथर कळते.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. कागदाची पट्टी आणि 'माझा-माझी' नक्की घेणार.
पण हेडसेट घेत नाही, आणि देवनागरीही सोडत नाही. सुरुवात सुट्या ध्वनींपासून नाही, आघातापासून करतोय. आघात चुकला की बाकी ध्वनी बरोबर असूनही शब्द ओळखू येत नाही, आणि तिथे देवनागरी कामाची आहे. 'फोटग्राफ', 'फटॉग्रफर', 'फोटग्रॅफिक' एकाखाली एक लिहून 'फो', 'टॉ', 'ग्रॅ' दुप्पट मोठे काढले की आघात सरकताना दिसतो आणि आजूबाजूचे स्वर 'अ' कसे होतात तेही दिसतं. तो 'अ' आपल्याकडे आयता आहे. पहिले चार आठवडे दोनच नियम: शेवटी '-शन' किंवा '-इक' आलं की आघात त्याच्या आधीच्या सिलॅबलवर, म्हणजे एका दमात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यावर. 'कॅथलिक', 'ॲरबिक' असे अपवाद मोजके. मग 'रेकॉर्ड' नाम, आघात 'रे'वर, आणि 'रिकॉर्ड' क्रियापद, आघात 'कॉ'वर. आघाताच्या जागी प्रत्येकाने रबर ताणायचं. 36 रबरं आणि 18 आरसे, बजेटमध्ये बसतं.

नेमके
देवनागरीवर पुन्हा विचार करा.

सांगलीकर_मास्तर
रबरं रुंद घ्या, बोटभर पट्टीची. बारीक तुटतात आणि डोळ्याला लागतात. दोन्ही अंगठ्यांत अडकवून आडवी ताणायची. आणि आघाताच्या स्वराबरोबरच ताण सुटला पाहिजे. मुलं शब्द संपेपर्यंत ताणून धरतात, मग शेवटचा सिलॅबलही जड होतो.