होमलोन दुसरीकडे ट्रान्सफर करू की आहे तिथेच रेट कमी करून घेऊ?

डोंबिवलीकर८४: मंडळी सल्ला द्या. २०१९ ला एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून २० वर्षांचं लोन घेतलं, मध्ये रेट वाढले तेव्हा त्यांनी मुदत ताणली त्यामुळे अजून १५ वर्षं आहेतच. बाकी ३८ लाख, रेट ९.१५, हप्ता ३८,८८२. २०२५ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० वरून ५.२५ वर आला पण माझा रेट जेमतेम पाव टक्का हलला. विचारलं तर म्हणे ५,९०० भरा मग ८.४० करतो. सरकारी बँक ८ ला द्यायला तयार आहे. बायको म्हणते फिक्स्ड करून टाका, कटकट नको.

हिशोबी_काका: तुझी कंपनी बँक नाही ना, तिथेच गोम आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग (बदलत्या व्याजाचं) होमलोन रेपोसारख्या बाहेरच्या रेटला जोडावं लागतं, ३ महिन्यांतून एकदा तरी रीसेट. तुझ्या कंपनीचा स्वतःचा पीएलआर, म्हणजे तिनेच ठरवलेला मूळ दर, वाढताना पळतो, उतरताना लंगडतो. ८.४० ला हप्ता ३७,१९७ आणि ८ ला ३६,३१५, म्हणजे फरक ८८२. पण हप्ता कमी करूच नकोस रे, जुनाच चालू ठेवलास तर ८ टक्क्यांत १५९ महिन्यांत मोकळा, १८० च्या जागी.

मीनल_ठाणे: खर्च पण धरा हो काका. फ्लोटिंगला फोरक्लोजर (मुदतीआधी लोन बंद करायचा) चार्ज नाही, पण नवीन बँकेची प्रोसेसिंग फी, लीगल, व्हॅल्युएशन, वर महाराष्ट्रात मॉर्गेजची स्टॅम्प ड्युटी ०.३ टक्के म्हणजे इथे ११,४०० परत भरायची, आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारी नोंद) वेगळी. सगळे मिळून २५ हजार धरले तर इथेच राहिलात तरी लागणारे ५,९०० वजा जाता १९ हजार, ते २२ महिन्यांत वसूल. दादा, आधी कंपनीकडून ओरिजिनल कागदांची लिस्ट घ्या, अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), पावत्या सगळं, आमच्या वेळी एक पावती सापडेना म्हणून नवीन बँकेचा चेक महिनाभर अडकला आणि व्याज चालूच. फिक्स्डचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी ते २-५ वर्षांपुरतंच असतं, नंतर परत फ्लोटिंग, आणि मध्येच बोनसचे पैसे टाकायचे म्हटले तर चार्ज लागू शकतो. वहिनींना ती अट वाचायला द्या.

रात्रपाळी: माझी साडेतीन वर्षंच राहिलीत, ८.९० आहे, मी पण करू का?

हिशोबी_काका: नको, व्याजाचा मोठा भाग भरून झालाय. ट्रान्सफरच्या खर्चाचे पैसे सरळ मुद्दलात टाक.

डोंबिवलीकर८४: फोरक्लोजर लेटर मागितलं आणि संध्याकाळी कंपनीचाच फोन, ८.१५ करतो, फी पण माफ! आता?

हिशोबी_काका: हाहा, लेटर मागितलं की बरोबर सूर बदलतो. ईमेलवर लेखी घे, फोनवर काय वाट्टेल ते बोलतात. पण पीएलआर तोच राहणार, पुढे परत रेपो उतरला की परत तूच फोन करायचास. तेवढी चिकाटी असेल तर राहा.

मीनल_ठाणे: मी तर जाईन बाबा बँकेत.