शब्दचर्चा: कुत्रं थबकतं, पाखरू उठतं

माझी मुलगी अमेरिकेत, साउथ डकोटात असते. जावई तिथल्याच शेतकरी घरातला. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार त्यांच्या घरी आपल्या बेंदरासारखा पाळतात, कारण त्या दिवशी फेजंट या पक्ष्याची शिकार सुरू होते. यंदा मीही गेले होते. व्याही, जावई, त्याची बहीण, माझी नऊ वर्षांची नात आणि डेझी. डेझी ही त्यांची कुत्री, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीची. सगळ्यांना भगभगीत केशरी जाकिटं. सकाळी दहाच्या आधी बंदूक चालवायची नाही असा तिथला नियम, म्हणून आम्ही बांधावर थर्मासमधला चहा पीत दहा वाजायची वाट पाहत बसलो.

परत आल्यावर माझ्या भावाला सगळं लिहायला बसले. तो माण तालुक्यात असतो, आणि आमचे चुलते १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी ठासणीची बंदूक घेऊन लाव्या-तित्तरांना जायचे ते त्यानं माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. त्याला कळेल अशा मराठीत लिहायचं होतं आणि तीन शब्दांवर अडले: 'अपलँड', 'पॉइंट' आणि 'फ्लश'. कोश उघडला तर अपलँडला 'डोंगराळ प्रदेश' आणि पॉइंटला 'निर्देश करणे'. साउथ डकोटातल्या त्या रानात डोंगर औषधालाही नव्हता, आणि डेझीनं कशाचा निर्देशबिर्देश केला नाही.

तिनं काय केलं ते सांगते. गवतातून ती वाऱ्याच्या तोंडाला आडवी-उभी फिरत होती, आपण कुळवाची पाळी घालतो तशी. एका जागी एकदम थांबली. पुढचा एक पाय उचललेला तसाच अधांतरी, शेपूट ताठ, मान पुढे. अंगावरची कातडी तेवढी थरथरत होती. नातीनं विचारलं, "आजी, ती काय करतेय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "थबकलीय." पत्रात मात्र तो शब्द लिहायला हात धजेना, कारण माणूस थबकतो तो दचकून किंवा विचारात पडून. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद

'अपलँड'चं आधी बघू. इंग्रजी शिकाऱ्यांच्या बोलीत त्याचा उंचीशी फारसा संबंध राहिलेला नाही. पाणथळीत बसून बदकं मारायची ती एक शिकार आणि कोरड्या जमिनीवर चालत जाऊन पाखरं उठवायची ती दुसरी. दुसरीला अपलँड म्हणतात. म्हणून मी 'माळपक्ष्यांची शिकार' म्हणेन. लावा, तित्तर, पखुर्डी ही आपली पाखरं माळावरचीच.

प्रतिसाद

'माळ' अपुरा पडतो. अमेरिकेतले काही ग्राउज आणि वुडकॉक झाडीत राहतात आणि तेही अपलँडमध्येच मोजतात. देशावर 'रान' हा शब्द आहे, तो वापरा. रान म्हणजे जंगलही आणि शेतही. 'मालक रानात गेलेत' म्हटलं की मालक जंगलात गेले असं कुणी समजत नाही. 'रानातली पाखरं' आणि 'पाण्यातली पाखरं', एवढं पुरे. समास करायची घाई नको.

धागालेखिका

'रान' अगदी चपखल. मला का सुचला नाही कोण जाणे! आम्ही गेलो ते रानच होतं: मका काढलेलं शिवार, मध्ये उंच गवताचे पट्टे, कडेला पाणकणसाचं दलदलीचं बेट. आणि पाखरांना खायला म्हणून मुद्दाम पेरून उभा ठेवलेला एक पट्टा, त्याला ते लोक 'मायलो' म्हणतात. जवळ गेले तर ती ज्वारी होती. बुटकी, लालसर कणसाची, पण ज्वारीच. व्याह्यांना म्हटलं, आम्ही हिची भाकरी करतो. त्यांनी एक कणीस मोडून माझ्या हातात दिलं. ते बॅगेत घालून आणता येत नाही म्हणून तिथंच ठेवून आले.

प्रतिसाद

'पॉइंट'ला शब्द का नाही, याचं कारण आपल्या कुत्र्यांत आहे असं मला वाटतं. आपल्याकडचं शिकारी कुत्रं म्हणजे कारवानी. ते नाकावर नाही, डोळ्यावर चालतं. ससा दिसला की सोडायचं, आणि ते वाऱ्यासारखं जातं. त्यामुळे आपले शब्दही पळणाऱ्या कुत्र्याचे आहेत: कुत्रं सोडणं, छू करणं, मागे लावणं, अंगावर घालणं. वास लागल्यावर जागच्या जागी उभं राहून मालकाची वाट पाहणारं कुत्रं आपल्या रानात कामाला नव्हतं, तर त्याला क्रियापद कुठून येणार? पॉइंटर आणि सेटर साहेबाबरोबर आले आणि त्यांचे शब्द साहेबाच्या भाषेतच राहिले.

सेटरचं तर मूळही पाहण्यासारखं आहे. ते कुत्रं वास लागला की पोट टेकून बसायचं, आणि शिकारी कुत्र्याच्या पुढे जाऊन दडलेल्या पाखरांवर जाळं टाकायचा. बंदुकीनं उडतं पाखरू टिपायचा काळ नंतरचा. रिट्रीव्हर म्हणजे पडलेलं पाखरू शोधून परत आणणारा. पुण्यात दर दुसऱ्या सोसायटीत एक गोल्डन रिट्रीव्हर असतो, पण त्या नावात त्याचं काम सांगितलंय हे किती जणांच्या लक्षात येतं?

धागालेखिका

कारवानीचं अगदी खरं. आमच्या गावात एक होतं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. सशामागे सुटलं की वळताना माती उडायची तेवढीच दिसायची.

मग आता मी 'थबकणं'च धरून बसते. 'रोख धरणे' असाही एक पर्याय मनात होता, पण त्यात बंदूक रोखल्याचा भास होतो. 'दबा धरणे' नको, कारण दबा धरणारा स्वतः झडप घालतो. डेझी झडप घालत नाही, तेच तर तिचं शिक्षण. आणि पाखरू करतं ते 'दडी मारणं'. एक थबकते, दुसरा दडी मारतो. दोन्ही शब्द आपलेच, त्यांना खेटून उभं केलं की अर्थ आपोआप लागतो.

प्रतिसाद

मी वऱ्हाडातला. फासेपारध्यांच्या कामाचा उल्लेख झाल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. रानातल्या पाखरांचं आपल्याकडचं सगळ्यात बारीक ज्ञान त्यांचं. घोड्याच्या केसांचे फास, तित्तराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ओळीनं मांडलेले, आणि तोंडानं काढलेली तित्तराची साद. पाखरू कुठल्या फटीतून डोकं काढेल हे आधी कळायला लागतं, तेव्हा फास मांडता येतो. त्यांच्यात कुत्र्याचं काम माणूसच करतो, वाकून, वास न घेता, माती वाचून. 'माग काढणे' हा शब्द या मातीतल्या खुणांचा आहे. पॉइंटर हवेतला वास घेतो, म्हणून त्याच्यासाठी 'माग काढला' न म्हणता 'सुगावा लागला' म्हणा.

'पारध' हा शब्द मला 'शिकार'पेक्षा जवळचा वाटतो. शिकार फारसीतून आली. पारध प्राकृत 'पारद्धि'वरून, त्यामागे संस्कृत 'पापर्द्धि'. पण ज्यांच्या नावात तो शब्द आहे त्यांना इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली ते विमुक्त झाले, आणि आजही गावात चोरी झाली की पहिला संशय त्यांच्या पालावर जातो. शब्द वापरताना हे माहीत असावं म्हणून लिहिलं.

धागालेखिका

लिहिलंत ते फार बरं केलंत. 'सुगावा' घेतला. आणि भावाला लिहिताना मी 'शिकार'च ठेवते, कारण आमच्या चुलत्यांच्या तोंडी तोच शब्द होता.

आता 'फ्लश', म्हणजे दडलेलं पाखरू उडायला लावणं. इथे मला कुणाला विचारायची गरजच नव्हती हे पत्र लिहिताना उशिरा कळलं. चुलते म्हणायचे, "लावा पायाखालनं उठला." उठणं आणि उठवणं. 'रान उठवणे' आपण रोज बोलतो, अमक्याच्या विरोधात रान उठवलं म्हणून. तो हाक्यातलाच शब्द आहे. डबे वाजवत, ओरडत माणसं रानातून चालत आली की दडलेलं सगळं उठतं. तसंच 'टप्प्यात येणं'. आमच्या सातारा-सांगलीकडे राजकारणातसुद्धा 'टप्प्यात आला की कार्यक्रम' म्हणतात, पण टप्पा हा बंदुकीचा.

आणि तिथं मी हाकाच पाहिला. फेजंटचा नर दडी मारून बसण्यापेक्षा गवताच्या बुडातून पळतो, कुत्र्याला चकवतो. म्हणून चौघं-पाचजण ओळ धरून पट्ट्यातून चालतात आणि दोघं पट्ट्याच्या पार टोकाला वाट अडवून उभे राहतात. हाकेकरी आणि नाका धरणारे, दुसरं काय! जावयाला मी 'हाका' शब्द शिकवला. आता तो नातीला सांगतो, "यू आर हाका, स्टे इन लाइन."

प्रतिसाद

फेजंटला मराठीत काय म्हणायचं? 'रानकोंबडा' चालेल का?

प्रतिसाद

नको. रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला वेगळा पक्षी आहे, त्याचं नाव दुसऱ्याला देऊ नये. मोर, रानकोंबडा, तित्तर, लावा आणि फेजंट एकाच कुळातले, एवढंच नातं. आपल्याकडे नसलेल्या पक्ष्याला त्याच्याच नावानं ओळखावं. तित्तराला तरी आपण नाव कुठे दिलं, त्याच्या आवाजावरूनच ते पडलं. संस्कृतात 'तित्तिरि', आणि तैत्तिरीय शाखा त्यावरूनच. याज्ञवल्क्यानं ओकून टाकलेला वेद शिष्यांनी तित्तर होऊन टिपला ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते.

धागालेखिका

मान्य, 'फेजंट'च. पण एक सांगायचं राहिलं. तिथं मादी मारायला बंदी आहे, फक्त नर, आणि तेही माणशी दिवसाला तीन. नर ओळखायला सोपा, गळ्यात पांढरं वळं, तोंड लालभडक, शेपूट हातभर, मादी मातकट. तरी उन्हाकडे तोंड असलं की उडताना फसगत होते. म्हणून ज्याला आधी दिसेल त्यानं मोठ्यानं ओरडायचं. नर असला तर 'रूस्टर', मादी असली तर 'हेन'. 'हेन' ऐकलं की बंदुका खाली.

डेझी थबकली होती, व्याही तिच्या पुढे गेले, गवताला पाय मारला आणि तो उठला. नात ओरडली, "कोंबडा!" मराठीत. घरात माझ्याशी बोलताना ती मराठी बोलते, तेच ओठावर आलं असणार. व्याह्यांना मराठीचा गंध नाही, पण क्षणभरही न थांबता त्यांनी बार टाकला. नंतर विचारलं तर म्हणाले, तिच्या आवाजावरून कळलं.

पाखरू पाणकणसात पडलं. डेझीनं दहा मिनिटं लावली, पण आणलं, तोंडात इतकं हलकं धरलेलं की एक पीस मोडलं नव्हतं. मी हातात घेतलं तर अंग अजून ऊन होतं. संध्याकाळी सोलताना व्याह्यांनी गळ्यातली पिशवी उघडून दाखवली. गच्च ज्वारीचे दाणे.

प्रतिसाद

तुम्ही छान लिहिता, पण मारलेल्या पाखराचं एवढं वर्णन मला सोसलं नाही. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे ते योग्यच आहे. हे शब्द जाऊ द्यावेत असं वाटतं.

धागालेखिका

बंदी योग्य आहे हे मलाही वाटतं. आमच्या माळावर आता चुलत्यांच्या काळातले तित्तर नाहीत, आणि त्याला बंदुकीइतकीच माळ नांगरले गेल्याची कारणं आहेत. डकोटातही गवत राखलं तरच पाखरू राहतं, हे व्याही प्रत्येक पट्ट्यापाशी सांगत होते. पण शब्द जाऊ द्यावेत हे नाही पटत. 'दडी मारणे', 'सुगावा लागणे', 'टप्प्यात येणे', 'रान उठवणे' यांतला एकही शब्द आज पाखरांपुरता उरलेला नाही. आणि दुर्बीण घेऊन माळावर जाणाऱ्यालाही लावा पायाखालून उठल्यावर तेच क्रियापद लागतं.

भर घालते: पत्र पाठवलं. त्यात असं लिहिलं होतं, "कुत्रीला सुगावा लागला, ती थबकली. पाखरानं दडी मारली होती. व्याह्यांनी ते उठवलं आणि टप्प्यात होतं तोवर बार टाकला." भावाचा फोन आला. म्हणाला, सगळं समजलं, पण उठला तो आवाज कुठाय? लावा उठतो भुर्रकन. तित्तर फर्रकन. तुझं हे पाखरू कसं उठलं?

मला सांगता येईना. मी डोळे मिटून परत त्या पट्ट्यात जाऊन उभी राहिले. सव्वा-दीड शेराचं धूड, सरळ वर चढणारं, पंखांचा दणदणाट आणि त्यातच खरखरीत कोकलणं. भुर्र नाही, फर्र नाही. शेवटी म्हटलं, "धडधडत उठला रे, जुनी मोटारसायकल सुरू व्हावी तसा." तो म्हणाला, "मग तेच लिही." पत्राच्या तळाशी तेवढं घातलंय. कुणाला याहून नेमका आवाज ठाऊक असेल तर सांगा, मी खोडून तो लिहीन.