आभासी प्रदर्शनाला ‘प्रदर्शन’ म्हणावे का?

रेषाटन (धागाकर्ती)

गेल्या काही महिन्यांत मी समकालीन कलेची दहा-बारा आभासी, म्हणजे संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर पाहायची, प्रदर्शने पाहिली आणि कलावंतांशी रंगलेल्या ऑनलाइन गप्पाही आवर्जून ऐकल्या. त्यातून झालेले मत इथे मांडते. आभासी प्रदर्शनातून कलाकृतीविषयी माहिती मिळते, अनुभव मिळत नाही. आणि दोन्हींसाठी ‘प्रदर्शन’ हा एकच शब्द वापरला की पाहणाऱ्याची फसगत होते.

रिचर्ड सेरा यांचे ‘द मॅटर ऑफ टाइम’ हे शिल्प २००५ पासून स्पेनमधील बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. पोलादाच्या प्रचंड, वळणदार भिंतींमधून माणूस चालतो; वाट निमुळती होत जाते, भिंत अंगावर कलल्यासारखी वाटते आणि पुढच्या वळणावर जागा एकदम मोकळी होते. या शिल्पाचे माध्यम पोलाद आहे तितकेच चालणाऱ्याचे शरीरही आहे. ओलाफुर एलियासन यांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये मांडलेल्या ‘द वेदर प्रोजेक्ट’मध्ये एकाच तरंगलांबीच्या पिवळ्या प्रकाशाने बाकीचे सारे रंग नाहीसे केले होते, आणि छतावरच्या आरशात स्वतःला शोधत लोक जमिनीवर उताणे पडून राहत. त्याची छायाचित्रे मी अनेकदा पाहिली आहेत. ती पाहून जमिनीवर पडावेसे मला कधी वाटले नाही.

चित्रांचेही तेच आहे. चित्र परावर्तित प्रकाशात दिसते, पडदा स्वतः प्रकाश फेकतो. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत रंगाचे थर चढवलेले आणि काढून घेतलेले असतात. दोन पावले बाजूला सरकले की पृष्ठभाग बदलतो. पडद्यावर तो एकच एक राहतो, आणि तळहाताएवढे चित्र व भिंतभर चित्र शेजारीशेजारी एकाच मापाचे दिसतात.

उंबरठा

मी पूर्णपणे असहमत आहे, आणि माझी असहमती अनुभवातून आलेली आहे. पाठीच्या दुखण्यामुळे मला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ उभे राहता येत नाही. तुम्ही ज्याला चालणाऱ्याचे शरीर म्हणता, ते शरीर सगळ्यांकडे सारखे नसते. दालनात मी पहिल्या खोलीतच बसायला जागा शोधू लागते आणि मग चित्रांपेक्षा बाकांकडे जास्त पाहते. घरी मात्र मी एका कलाकृतीसमोर तासभर बसले आहे, आणि त्या तासाला कुणी केवळ माहिती म्हटले तर मला ते मान्य नाही.

दुसरे असे की, तुमची उदाहरणे निवडक आहेत. नलिनी मालानी २०१७ पासून आयपॅडवर बोटाने चित्रे काढून त्यांचे छोटे चलत्पट करतात आणि इन्स्टाग्रामवर टाकतात. त्यांतलेच ८८ चलत्पट पुढे २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीच्या भिंतींवर एकमेकांवर आदळत, आवाजासह मांडले गेले. म्हणजे या कलाकृती आधी लोकांच्या हातातल्या पडद्यावर आल्या आणि नंतर दालनात गेल्या. यातले मूळ कोणते आणि माहिती कोणती, ते सांगा.

तळटीप

मी धागाकर्तीच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. ही आभासी दालने कुणासाठी उभी राहिली ते पाहावे. एका मोठ्या व्यावसायिक गॅलरीने २०१७ मध्येच स्वतःचा ‘ऑनलाइन व्ह्यूइंग रूम’ सुरू केला होता. आर्ट बाझेल या कलाविक्रीच्या आंतरराष्ट्रीय मेळ्याचा मार्च २०२० मधला हाँगकाँगचा मेळा रद्द झाला तेव्हा त्याच्या जागी तशीच ऑनलाइन दालने उघडली गेली. चित्राशेजारी त्याचे माप कळावे म्हणून ठेवलेली खुर्ची, किमतीची चौकशी करण्यासाठीचे बटण, ही सगळी मांडणी ग्राहकासाठी आहे. विक्रीत गैर काहीच नाही, कलावंताला जगायचे असते. पण विक्रीसाठी घडवलेल्या साच्यात कलेचा अनुभव शोधायचा, तर आधी तो साचा ओळखता आला पाहिजे.

फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांची १९९१ मधील एक कलाकृती म्हणजे रंगीत वेष्टनांतल्या गोळ्यांचा ढीग. त्याचे आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. एड्सने वारलेल्या आपल्या जोडीदाराचे ते व्यक्तिचित्र आहे. येणाऱ्याने एक गोळी उचलायची. ढीग कमी होत जातो आणि पुन्हा भरता येतो. गोळी तोंडात विरघळत असताना आपण त्या माणसाच्या झिजण्यात सहभागी झालो हे लक्षात येते. पडद्यावर फक्त ढीग दिसतो.

जाळीदार

मला दोन्ही बाजूंचा राग येतो, कारण दोघेही दालनालाच मोजपट्टी मानत आहेत. बहुतेक आभासी प्रदर्शनांत ठरावीक बिंदूंवर कॅमेरा ठेवून खोली टिपलेली असते आणि पाहणारा एका बिंदूवरून दुसऱ्यावर उडी मारतो. काही ठिकाणी तर कधीच न बांधलेली पांढरी खोली संगणकावर उभारतात, तिला फरशी देतात, छतावर दिवे लावतात. जिथे भिंतीची गरजच नाही तिथे भिंत कशासाठी? ओलिया लियालिना यांनी १९९६ मध्ये ब्राउझरसाठी केलेल्या ‘माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर’मध्ये प्रत्येक क्लिकसरशी खिडकी दुभंगत जाते आणि युद्धावरून परतलेल्या माणसाशी होणारे तुटक संभाषण तुकड्या-तुकड्यांत उरते. ही कृती दालनात मांडली तर तिथे ती पाहुणी ठरेल.

आणि पडद्यावरच्या कृतींच्या नाजूकपणाचे म्हणाल, तर २०२० अखेर फ्लॅश या ब्राउझरमध्ये चलत्पट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आधार संपला तेव्हा त्यावर बेतलेल्या असंख्य कृती ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. जे नाहीसे होऊ शकते ते फक्त माहिती असते, असे मला वाटत नाही.

रेषाटन (धागाकर्ती)

उंबरठा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. चालणारे शरीर मी गृहीत धरले होते, ते चुकले. दालनात बाके असावीत, पुरेशी असावीत, हे मी लिहायला हवे होते. मालानींच्या उदाहरणावर माझ्याकडे उत्तर नाही. पडद्यासाठी जन्मलेली कृती मी माझ्या विधानातून वगळते.

तरीही, पडद्यासाठी न जन्मलेल्या कृतींबद्दल माझे म्हणणे कायम आहे. वाढत्या स्पष्टतेने हा प्रश्न सुटत नाही. समकालीन नसलेले एक उदाहरण देते. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले छायाचित्र ७१७ अब्ज पिक्सेलचे आहे आणि त्यातल्या दोन शेजारच्या पिक्सेलमधले अंतर मिलिमीटरचा दोनशेवा भाग आहे. संग्रहालयात कुणालाही इतके जवळ जाऊ देत नाहीत. मी त्या छायाचित्रात रंगातली बारीक भेग पाहिली, हरखून गेले, आणि मागे सरायला गेले तेव्हा कळले की मागे सरणे म्हणजे केवळ चित्र लहान करणे आहे.

उंबरठा

पण ती भेग तुम्ही पाहिलीत आणि हरखलात, हे तुम्हीच लिहिले आहे. त्याला काय म्हणायचे?

एक राहिले. काही आभासी प्रदर्शनांत दृष्टिहीनांसाठी प्रत्येक कलाकृतीचे शब्दांत वर्णन दिलेले असते. मला दिसते, तरी मी ती वाचते. ‘डाव्या कोपऱ्यात करड्या रंगाचा एक फटकारा, बाकीच्यांपेक्षा ओला’ अशा धर्तीचे वर्णन कुणीतरी खूप वेळ पाहिल्याशिवाय लिहूच शकत नाही. भिंतीवरच्या पाटीवर नाव, साल आणि माध्यम असते. इतके पाहणे मला तिथे क्वचितच सापडले.

रेषाटन (धागाकर्ती)

त्या हरखण्याला माहिती म्हणता येणार नाही, हे कबूल करते. मात्र तो अनुभव चित्राचा होता की छायाचित्राचा, यावर मी अजून अडले आहे. अशी वर्णने कुठे वाचायला मिळतील ते इथे द्यावे. चित्र न उघडता आधी वर्णन वाचून पाहीन आणि मग याच धाग्यावर लिहीन.