आपला वाटा फक्त दोन टन? कोथरूडच्या दादांना उत्तर

विदर्भकन्या
काल एका दादांनी लिहिलं, "भारतीय माणसामागे वर्षाला कार्बन डायऑक्साइड दोन टन, अमेरिकनामागे चौदा. आधी त्यांना सांगा, मग माझ्या एसीकडे बघा." ते वाचून रात्री झोप लागली नाही.

आकडा खरा, पण सरासरीचा. त्यात गडचिरोलीतलं दोन बल्बांचं घर आहे आणि आपले फ्लॅटही. गरिबाच्या अंधाराआड लपतोय आपण. देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशाची. एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. एसी रात्रभरात दहा युनिटं खातो, म्हणजे सहा-सात किलो.

माझं माहेर एका औष्णिक केंद्राजवळ. आई वाळवण घालते तेव्हा कुरडयांवर जुनं धोतर पसरते. संध्याकाळी ते झटकलं की काळी भुकटी उडते. पुण्यात खिडक्या बंद करून झोपताना मला ते धोतर आठवतं.

कोथरूडकर
ताई, आईंबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण माझ्या घरात एसी एकच, तोही वडिलांच्या खोलीत. वय 81, हृदयाचा त्रास. गेल्या एप्रिलमध्ये रात्री घामाने निथळून चक्कर येऊन पडले. तेव्हा घेतला, हप्त्यावर. कमी वीज खाणारा इन्व्हर्टर एसी आहे, पाच-सहा युनिटांत रात्र निघते. दहा कुठून आणलीत?

आणि 1850 पासून कोळसा, तेल, गॅस जाळून निघालेल्या एकूण कार्बनमध्ये अमेरिकेचा वाटा जवळपास पाव आहे. हिशेब मागायचा तर तिथून मागा.

गच्चीवाला
एसीचं राहू द्या. सोसायट्यांच्या गच्च्या रिकाम्या का, ते बोला. लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी सोलर बसवलं तर केंद्राच्या योजनेत किलोवॅटला 18,000 अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला चार युनिटं देतं. आमच्याकडे तीन वर्षं हा विषय सभेत येतो आणि तीन वर्षं तेच, "गच्ची गळेल." पार्किंगच्या फरश्यांना मात्र लगेच मंजुरी.

माजी सेक्रेटरी, सिंहगड रोड
गळेल नाही, गळली! आमच्याकडे सोलर बसवताना ठेकेदाराने स्लॅबला भोकं पाडून स्टँड ठोकले, वॉटरप्रूफिंग फुटलं. पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरच्या आजींच्या देवघरात ओल. देव टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवले त्यांनी. ठेकेदार फोन उचलेना. शिव्या मी खाल्ल्या. सभेत हात वर करणं सोपं असतं.

गच्चीवाला
भोकं पाडायचीच नसतात! काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर स्टँड बसतो. करारात गळतीची हमी लिहून घेतली होती का?

माजी सेक्रेटरी, सिंहगड रोड
नव्हती. चूक झाली. पण ते सांगायला तेव्हा तुमच्यासारखं कोणी पुढे आलं नाही.

गच्चीवाला
आता येतो. स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, ते आधी सांगा.

कोथरूडकर
गच्चीवरून खाली या. सोलर रात्री चालतं का? एसी रात्री लागतो. दिवसाची युनिटं बिलात वजा होतील, पण रात्री अकराला कोळशाची भट्टीच पेटलेली असते.

मुळशीकर
भट्टी तरी दिसते. आमची गावं धरणात गेली ती मुंबईच्या विजेसाठी. 1921 साली सेनापती बापटांबरोबर आमचे आजोबा-पणजोबा सत्याग्रहाला बसले होते. पाणी अजून घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राला जातं आणि वीज करून कोकणात वाहतं. वीज जळते एकीकडे, किंमत मोजतो दुसराच. ताईंचं मला पटतं.

विदर्भकन्या
कोथरूडकर, रात्रीच्या भट्टीचा मुद्दा मान्य. युनिटांचाही, तुमच्या एसीपुरता. वडिलांचा एसी बंद करा असं मी म्हणणार नाही, कधीच नाही. पण काल तुम्ही वडिलांचं लिहिलं नव्हतं, अमेरिकेचं लिहिलं होतं, आणि खाली लोकांनी "आमचे तर चार एसी" म्हणून टाळ्या पिटल्या. मला लागलं ते तिथे.

एसीची एक डिग्री वाढवली की सुमारे सहा टक्के वीज वाचते. किती वर ठेवता?

कोथरूडकर
22. पंख्याबरोबर 25 करून बघतो आज. त्यांना उकडलं तर परत खाली आणणार, आधीच सांगतो. अमेरिकेचा मुद्दा मी सोडलेला नाही.