कॅलरी मोजताय ना? मग काटा घ्या, निदान तेल आणि कुटासाठी तरी

विश्रामबागची
आमच्या वॉकिंग ग्रुपमध्ये हल्ली सगळ्यांच्या मोबाईलमध्ये कॅलरीचं ॲप आहे आणि आमराईत फेऱ्या मारताना एकच विषय, मी दिवसाला बाराशेच खातेय तरी वजन हलत कसं नाही. विचारलं की काय लिहिलं होतं तर म्हणे १ वाटी भाजी, २ चपात्या, १ वाटी भात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे मोजणं नाहीच, हा अंदाज आहे, आणि अंदाज नेमका जिथं चुकायला नको तिथंच चुकतो.

कुठली वाटी? आमच्याच घरात वाट्यांचे तीन साईज आहेत. चपाती ३० ग्रॅम पिठाची पण होते आणि ५० ग्रॅमची पण, लाटल्यावर दोन्ही चपात्याच दिसतात. भाकरीचं तर विचारूच नका, शहरात ६० ग्रॅम पिठाची थापतात तर गावाकडं एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ सहज जातं. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण ३४० कॅलरी धरा, म्हणजे एकाच "१ भाकरी"त २०० पण असतील आणि ३४० पण.

पण खरा घोळ तेल आणि कुटात आहे. तेल म्हणजे ग्रॅमला ९ कॅलरी. पळीनं ओतताना ३० ग्रॅम कधी पडलं कळत पण नाही, तिथंच २७० झाले. आपली भरली वांगी घ्या. अर्धा किलो वांगी, १०० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, ६० ग्रॅम तेल, ३० ग्रॅम सुकं खोबरं, एक मोठा कांदा, गुळाचा खडा. सगळं मिळून अंदाजे १५०० कॅलरी होतात, त्यात वांग्याच्या सव्वाशे आणि तेल-कुटाच्या जवळजवळ अकराशे! आणि ॲपवर "वांग्याची भाजी" टाकलं की कुणीतरी भरलेला आकडा येतो, त्यानं कूट घातलं होतं का नव्हतं कोण सांगणार.

हे मी एकटीच म्हणत नाहीये. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात अशीच माणसं होती, आम्ही बाराशेच्या आत खातो तरी वजन उतरत नाही म्हणणारी. मोजून बघितलं तर खाल्लेलं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलेलं निघालं आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. ती माणसं खोटारडी नव्हती, माणसाचा डोळाच असा आहे.

पद्धत अवघड नाहीये. सगळं कच्चं असताना तोला, कारण तांदूळ शिजला की पाणी पिऊन तिप्पट होतो आणि मग १०० ग्रॅमचे ३४५ धरायचे की १२० हेच कळत नाही. तेलाची बाटली फोडणीआधी एकदा काट्यावर ठेवायची, नंतर एकदा, वजाबाकी केली की झालं. रिकाम्या पातेल्याचं वजन भिंतीवर लिहून ठेवा, भाजी झाली की पातेल्यासकट तोला आणि पातेलं वजा करा. वरची वांग्याची भाजी रश्शासकट १ किलो भरली तर १०० ग्रॅमला दीडशे कॅलरी, मग आपल्या ताटात किती आलं तेवढंच बघायचं. काकडी, मुळा, कोथिंबीर, पालेभाजी तोलत बसू नका, त्यात काही नसतं.

कायमचं करा असं म्हणत नाही, पण कॅलरी मोजतो म्हणायचं असेल तर काही आठवडे तरी काटा पाहिजेच.

मिरजेची_सून
ताई तुमचं गणित बरोबर असेल पण ते तुमच्या स्वयंपाकघरातलं आहे. आमच्याकडे सात माणसं, फोडणी सासूबाईंची, पोळ्या माझ्या, आणि संध्याकाळी कोण पाहुणा येईल नेम नाही. कढईपाशी उभं राहून "आई थांबा बाटली तोलते" म्हणायचं का मी? आणि वाढलेलं ताट काट्यावर ठेवायचं हे मला पटतच नाही. अन्न समोर आलं की त्याचा आदर करून जेवावं असं आम्हाला शिकवलंय आणि ते मला आजही बरोबर वाटतं.

शिवाय गरज काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये ज्या सूचना काढल्या त्यात सोपं सांगितलंय की अर्धं ताट भाज्या-फळांचं भरा, उरलेल्यात धान्य, डाळ, दूध-दही. मी तेवढंच करते, भात एकदाच घेते, रात्री लवकर जेवते. बरं चाललंय माझं.

विश्रामबागची
वहिनी, तुमच्या घरातली अडचण खरी आहे. पण अर्धं ताट भाजीचं म्हणाल तर कुठल्या भाजीचं? अर्धं ताट भरल्या वांग्यानं भरलं तर ते भाकरीपेक्षा जड पडतंय. आणि त्याच सूचनांमध्ये २००० कॅलरीच्या ताटाचं कोष्टक ग्रॅममध्येच दिलंय बघा, धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५, तेल-तूप २७, आणि ती सगळी वजनं कच्च्याची आहेत. म्हणजे त्यांनी पण तोलूनच सांगितलंय.

तुमच्यासाठी एक उपाय आहे, त्यात कढईपाशी जायलाच नको. महिन्याला तेल किती किलो लागतं ते किराणा बिलावर बघा, भागिले माणसं, भागिले ३०. पाच माणसांना ५ किलो लागलं तर माणशी रोज ३३ ग्रॅम, म्हणजे ३०० कॅलरी नुसत्या तेलाच्या. हे करून बघा आणि सांगा.

इस्लामपूरचा_पैलवान
जेवण तोलू नका अंग तोला. आमच्या तालमीत ७४ किलोच्या गटात उतरणारा पोरगा रोज सकाळी काट्यावर उभा राहतो, वजन चढलं तर दुसऱ्या दिवशी भाकरी कमी, उतरलं तर दूध वाढव. दूध, बदाम, तूप सगळं वस्ताद बघून सांगतात, ग्रॅमबिम काय नसतंय. आणि कुस्तीच्या दिवशी वजन बरोबर बसतंय. रोजचं खाणं एकसारखं ठेवलं की काय मोजायची गरज नाही भावांनो, गडबड होते ती आज आक्खा मसूर-रोटी, उद्या उपास, परवा लग्न अशा खाण्यानं.

पूर्वी_लॅबमध्ये_होतो
पैलवान म्हणतोय त्यात दम आहे. मी वेगळ्या बाजूनं विरोध करतो.

काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवतो म्हणून आपल्याला वाटतं की उत्तर पण तेवढंच नेमकं आलं. तसं नाहीये. कॅलरीचे आकडे ज्या पायावर उभे आहेत, म्हणजे ग्रॅमला प्रथिनं ४, कर्बोदकं ४, स्निग्ध पदार्थ ९, ते ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९ व्या शतकाअखेरच्या कामातून आलेत आणि ती सरासरी आहे. २०१२ मध्ये बदामावर प्रयोग झाला, माणसांना खायला घालून शरीराला खरंच किती मिळालं ते मोजलं, तर २८ ग्रॅमला १७० ऐवजी १२९ च कॅलरी निघाल्या, कारण नीट न चावलेल्या तुकड्यांतलं तेल पचतच नाही, तसंच बाहेर जातं. आता तुम्ही बदाम अगदी ग्रॅमवर तोला, आकडा मुळातच एवढा कच्चा असेल तर काय उपयोग? दुसरी बाजू खर्चाची, म्हणजे शरीर दिवसाला किती कॅलरी जाळतं त्याची. ॲप तुम्हाला "रोज १६५० खा" सांगतं ते वय-उंची-वजन टाकून, १९९० च्या सूत्रातून, आणि ते सूत्र एकेका माणसाला १० टक्के सहज चुकतं. मिळकत पण अंदाज, खर्च पण अंदाज, आणि मध्ये आपण ग्रॅम मोजतोय. त्यापेक्षा वाटी एकच ठरवा, पळी एकच ठरवा, आणि आठवड्याची वजनाची सरासरी बघा.

विश्रामबागची
तुमचे सगळे मुद्दे मान्य करून सुद्धा माझं मत तिथंच आहे. १० टक्क्यांची चूक आणि ४७ टक्क्यांची चूक यात फरक आहे की नाही? सूत्र चुकलं तर ते रोज एकाच दिशेनं चुकतं, महिन्याभरानं वजन बघून आकडा खालीवर करता येतो. पण डोळ्याचा अंदाज सोमवारी एक आणि रविवारी एक, त्याला दुरुस्त कसं करणार. आणि वाटी-पळी एकच ठरवा म्हणता, ते बरोबरच आहे, पण त्या पळीत किती मावतं ते कळायला ती एकदा तरी काट्यावर ठेवावी लागेल ना.

बदामाचा मुद्दा मात्र आपल्या कुटाला लावू नका. कूट बारीक दळलेलं असतं, त्यात चावायचं राहिलेलं काही नसतं. अख्खे शेंगदाणे आणि कूट यात शरीराला मिळणारं तेल सारखं नसणार, कूटच जास्त देणार.

तासगाव_बागायतदार
डोळा फसतो याला आमच्याकडचं उदाहरण देतो. साधारण ४ किलो द्राक्षाचा १ किलो बेदाणा होतो. द्राक्षं १०० ग्रॅम म्हणजे ७० कॅलरीच्या आसपास आणि बेदाणा १०० ग्रॅम म्हणजे ३०० च्या वर, साखर तीच, फक्त पाणी गेलं. द्राक्षाचा घड खाताना माणूस म्हणतो बास झालं, आणि बेदाणा शेडवर येता जाता मूठ मूठ तोंडात जातो त्याचा हिशेबच नसतो. "फळच आहे की" म्हणतात. बेदाणा जरूर खावा, चांगलाच आहे तो, पण मुठीत किती येतो ते एकदा तोलून बघावं.

माधवनगरची_आई
मी नेहमी नुसतं वाचते पण यावर लिहिणं भाग आहे. माझ्या मुलाला टाइप १ डायबेटिस आहे. आमच्याकडे काटा वजन कमी करायला नाही, इन्सुलिन किती द्यायचं ते ठरवायला आहे. कॅलरी नाही, कर्बोदकं मोजतो. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं, ९० ग्रॅमच्या भाकरीत ६०, आणि डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणानं दोन्हीला डोस वेगळा बसतो. कमी दिलं तर साखर चढते, जास्त दिलं तर रात्री उतरते, आणि उतरलेली साखर काय असते ते ज्याच्या घरात आहे त्यालाच कळतं.

म्हणून अन्न तोलणं म्हणजे अन्नाचा अपमान असं कुणी म्हणलं की मला त्रास होतो. सूनबाई तुम्हाला उद्देशून नाही, पण लग्नाकार्यात आम्ही छोटा काटा काढला की लोक असं बघतात की पोराला जेवावंसं वाटत नाही. आता तो शाळेत मित्रांना स्वतःच समजावून सांगतो आणि डबा खातो.

मिरजेची_सून
नाही हो ताई, औषधासाठी तोलणं वेगळं, त्याला कोण नाव ठेवेल. मी निरोगी माणसानं वाढलेलं ताट तोलण्याबद्दल बोलत होते. तुमच्या मुलाला खूप आशीर्वाद.

मुलींच्या_वसतिगृहात_शिकवते
माझा पूर्ण विरोध नोंदवते आणि यात मला मधला मार्ग दिसत नाही, निदान १५ ते २० वयाच्या मुलींसाठी तरी.

मी ज्या मुलींना बघते त्यातल्या काहींनी हे ॲप घेतलं आणि मग काटा मागवला. आधी भात बंद, मग पोळी अर्धी, मग मेसमधली भाजी पाण्यात धुवून खायची. वाढदिवसाला केक कापला तर एक मुलगी रडायला लागली कारण ॲपमध्ये "काय टाकू" कळेना. पाळी बंद झालेली मुलगी पण बघितलीय मी. अशा मुलींना तज्ज्ञ पहिली गोष्ट सांगतात की मोजणं थांबवा, आणि इथं तुम्ही काही आठवडे तरी तोलाच म्हणताय. काही आठवड्यांनी काटा खाली ठेवता येतो ते तुमच्यासारख्या पन्नाशीच्या, स्थिर डोक्याच्या बाईला. सतरा वर्षांच्या पोरीला तो ठेवता येईलच असं नाही. आणि मुली शिकतात कुणाकडून? आईच काट्यावर चपातीचं पीठ तोलताना दिसली की तिला वाटतं जेवायची हीच रीत आहे.

विश्रामबागची
मॅडम, वाढत्या वयाच्या मुलींनी आणि ज्यांना जेवणाची भीती बसलीय त्यांनी काट्याला हातच लावू नये, याला माझा शंभर टक्के पाठिंबा. मी लिहिलं ते आमच्या चाळिशी-पन्नाशीच्या ग्रुपबद्दल, जिथं गुडघे दुखतात, शुगर काठावर आहे, आणि वजन उतरत नाही म्हणून बायका स्वतःला दोष देत उपास करतात. त्यांना उपासापेक्षा कुटाचा आकडा कळणं जास्त उपयोगाचं आहे असं मला मनापासून वाटतं. खरंतर माझ्या मते काट्यानं भीती कमी होते. माझ्या मैत्रिणीनं भात पूर्ण सोडला होता, तोलल्यावर कळलं की भातात काही विशेष नव्हतं, रोजचे चार कप म्हशीच्या दुधाचे साखरेचे चहाच जास्त होते. तिनं भात परत सुरू केला.

इस्लामपूरचा_पैलवान
म्हशीच्या दुधाला नावं ठेवू नका ताई. चहाची साखर कमी करा की.

मुलींच्या_वसतिगृहात_शिकवते
तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण तोलायचंच तर मुलांसमोर करू नका, पातेलं तोला, ताट तोलू नका. वाढून घेतलेलं जेवण कुणी काट्यावर ठेवताना मुलीला दिसू नये, यावर मी ठाम आहे.

पूर्वी_लॅबमध्ये_होतो
पातेलं तोला, ताट नको, हे मला पटलं. पातेल्याचं वजन, पिठाचं वजन, तेलाचं वजन, एवढ्यावर दोन-अडीचशे कॅलरींच्या फरकाच्या आत उत्तर येतं आणि त्याच्या पुढची अचूकता तशी पण खरी नसते.

मिरजेची_सून
विश्रामबागच्या ताई, तेलाचा हिशेब केला. सात माणसांना महिन्याला ८ किलो, म्हणजे माणशी ३८ ग्रॅम रोज आले, तुम्ही म्हणालात ते २७ कुठं आणि हे कुठं. सासूबाईंना बिलच दाखवलं, काटा नाही. त्या स्वतःच म्हणाल्या की पळी मोठी आहे, बदलू. काटा मी अजून पण आणणार नाही.

विश्रामबागची
नका आणू. पण कुटाचं पण असंच बघा ना, शेंगदाणे किती किलो येतात?

मिरजेची_सून
ते बिलावर नसतात ताई. दिरांच्या शेतातलं पोतं येतं, डबा भरत राहायचा, किती लागलं कुणी बघितलेलं नाही.

विश्रामबागची
मग पोतं सोडाल त्या दिवशी कॅलेंडरवर तारीख लिहा आणि संपेल तेव्हा परत लिहा. पोत्याचं वजन दिरांना माहीत असेलच.